वारुळाला बोट दाखवू नये

बुरशी बघायला कोणी गाडीत बसून परगावी जात नाही. ती आपल्याकडे येते. पावाला येते, लोणच्याला येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना येते. माझ्या माहेरी, चिपळूणला, श्रावणात माणूस दोन तास एका जागी बसला तर त्यालाही येईल. म्हणून माझ्या मैत्रिणीचा, निलोफरचा फोन आला, "बुरशीवर फिल्म करते, चित्रं तू कर, आठवडाभर इकडं ये," तेव्हा मी पहिल्यांदा काय बोलले असेन तर, "मराठवाड्यात बुरशी? तिला प्यायला पाणी तरी आहे का?" कोकणातल्या माणसाला पाण्याचा माज असतो, तो नाशिकला बारा वर्षं राहूनही माझा उतरलेला नाही. या प्रवासात तो उतरला, एवढं आधीच सांगून ठेवते.

फिल्म बारा मिनिटांची होती. निलोफर दिग्दर्शक, तीच कॅमेरा, तीच ड्रायव्हर. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते मी काढायचं, म्हणजे जमिनीखालचे धागे, हवेतले बीजाणू, सुरुवातीची अक्षरं आणि सगळ्या फिल्मचे रंग. पेन्सिली, टॅब्लेट आणि चार दिवसांचे कपडे घेऊन मी निघाले. छत्री मात्र घेतली नाही.

औरंगपुरा, सोमवार

निलोफरचं ऑफिस म्हणजे औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. गल्लीत दुचाक्यांची अशी गर्दी की रिक्षावाल्याने मला कोपऱ्यावरच उतरवलं. "आगे पैदल जाव बाई. मैं अंदर गया तो संध्याकाळीच निकलूंगा," तो म्हणाला. तिकडे वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत संपतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

खोलीच्या भिंतीवर फोटोच फोटो होते. गव्हावरचा तांबेरा, वेलीवरची भुरी, ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी भरलेली काळी काणी. आपल्याकडच्या शेतकऱ्याने बुरशीला किती नेमकी नावं दिली आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं. त्यातली भुरी तेवढी माझ्या ओळखीची. नाशिकला द्राक्षवाल्यांच्या घरी तो शब्द लग्नाच्या पंगतीतही हळू आवाजात काढतात.

मी घरून करून आणलेली चित्रं टॅब्लेटवर दाखवली. निलोफरने तीन बघितली आणि चौथ्यावर थांबली.

"हे बुरशीला डोळे काढलेस?"

"थोडी गोड वाटावी म्हणून."

"गोड नक्को. आणि हे बीजाणू गुलाबी है क्या असल में?"

"नाहीत. पण पडद्यावर उठून दिसतील."

"देख, डॉक्युमेंट्रीत झूठ नै चलता. एक रंग झूठा लावला तर माणूस बाकीचं खरंबी मानत नै. जे आहे ते काढ."

हे वाक्य ती आठवड्यात निदान वीस वेळा बोलली. मीही मान डोलावत गेले.

फिल्मचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, नाव 'बुरशी फायनल'. त्यात आम्ही चौघं. निलोफर, मी, वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, आणि खुलताबादच्या बाजूच्या एका वस्तीवरची रेखा. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात निलोफर काणीचं शूटिंग करायला रेखाच्या ज्वारीत शिरली होती, तेव्हापासूनची त्यांची ओळख. ग्रुपवर सर पहाटे पाचला उठून माझी चित्रं तपासायचे. पहिल्याच सकाळी त्यांचा निरोप आला होता, "वाळवीला सहा पाय असतात. आपण आठ काढलेले आहेत. कृपया दोन कमी करावेत."

वाळवी फिल्ममध्ये कशी आली तेही सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. काही जातीची वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते. पालापाचोळा चावून त्याचे वाफे करायचे, त्यावर बुरशी वाढवायची आणि ती खायची. पावसाळ्यात कधीतरी दोन-चार दिवस त्या बुरशीच्या छत्र्या वारूळ फोडून वर येतात. त्या खायला उत्तम, आणि त्या कधी, कुठे येणार हे ज्याला ठाऊक तो सांगत नाही. निलोफरला फिल्मचा शेवट त्या छत्र्यांवर करायचा होता. दोन पावसाळे ती शोधत होती. रेखाच्या सासूला, कडूबाईंना, असं एक वारूळ माहीत असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. बाईंनी दोन वर्षं तिला 'बगू' एवढंच उत्तर दिलं होतं. या वर्षी दाखवलं नाही तर फिल्म शेवटाविनाच पाठवावी लागणार होती.

छावणी, मंगळवार

माझा मुक्काम छावणीत, निलोफरच्या घरी होता. तिथे पहिल्याच सकाळी अनर्थ झाला. निलोफरने खिडकीत पावाचा एक तुकडा काचेच्या झाकणाखाली ठेवून त्यावर नऊ दिवस कॅमेरा लावला होता. दर दहा मिनिटांना एक फोटो. बुरशी चढत जाताना दिसावी म्हणून. आम्ही उठलो तर कॅमेरा जागेवर, काच स्वच्छ धुतलेली, आणि पाव नाही.

"अम्मी, पाव कुठंय?"

"फेका मैंने. घर है कि उकिरडा? पाहुणी आली, तिच्यासमोर हिरवा पाव ठेवते."

"अम्मी, वो फिल्म का हीरो था."

"हीरो को बास येत होती," अम्मी म्हणाल्या, आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

निलोफर डोकं धरून बसली. मला हसू आवरेना, कारण चिपळूणला माझ्या आईनेही हेच केलं असतं, फक्त वर दोन वाक्यं जास्त ऐकवली असती. दुपारी अम्मींनी भरपाई म्हणून नान-खलिया केला. नान हळदीच्या पिवळ्या रंगाचे, खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, गरम आणि पातळ. आमच्याकडे श्रावणात मासळीचा वासही वर्ज्य. मी दोन सेकंद कुलदैवताचा विचार केला आणि मग नान मोडला. तीन खाल्ले. देव चिपळूणला होता, मी छावणीत होते.

जेवताना रेखाचा फोन आला. कडूबाई म्हणाल्या होत्या, उद्या या. दोघीच या. गाडी वस्तीवर लावा आणि पुढे पायी.

खुलताबादच्या पुढे, बुधवार

खुलताबाद ओलांडून गेलो की रस्ता माळावर चढतो. मी उघडा खडक आणि धूळ बघायची मनाची तयारी केली होती. दिसली ती ओली, हिरवी उतरण, सीताफळाची झुडपं, तरवडाची पिवळी फुलं आणि मागे दर्ग्यांचे पांढरे घुमट. मी निलोफरला म्हटलं, इथे तर छान पाणी आहे. ती म्हणाली, तुझ्या परवानगीनं पडतंय.

कडूबाई साठीच्या पुढच्या, उंच, हातात काठी, डोक्यावरून पदर घट्ट. घर धनगराचं. एके काळी मेंढ्यांचा मोठा कळप होता. आता सात शेळ्या, तीन एकर कोरडवाहू, आणि मुलगा कंपनीत कामाला. रेखा त्यांची सून, तिशीची, कमी बोलणारी. आम्ही पोचलो तेव्हा ती पाटा मांडून येसर भिजवत होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, तिकडच्या रश्श्याचा जीव. रस्सा कशाचा करणार म्हणून विचारलं तर नुसती हसली.

निघण्याआधी कडूबाईंनी अटी सांगितल्या.

"रस्ता ध्यानात ठिवायचा नाय. क्यामेरा वर करायचा नाय, खाली भुईवरच बगायचं. आन मी दावते ते कुनाला म्हंजी कुनालाबी सांगायचं नाय. हिलाबी नाय." हे रेखाकडे बघून.

"रेखाला माहीत नाही?" मी विचारलं.

"मपल्या सासूनं मला दावलं तवा मला दोन लेकरं झाल्ती. हिला दावीन की. घाई काय हाय."

रेखाने मान वर केली नाही. तिचा येसर चालू होता.

आम्ही अर्धा तास चाललो. मी प्रामाणिकपणे रस्ता ध्यानात ठेवला नाही, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला नाशिकमध्ये घरी जाताना नकाशा लागतो. वाटेत दोनदा घसरून पडले. दुसऱ्यांदा घाणेरीच्या झुडपात पडले, तेव्हा कडूबाईंनी काठी पुढे केली आणि विचारलं, "तुमच्याकडं डोंगर नसत्यात का?" सह्याद्रीच्या पायथ्याला जन्मलेल्या बाईचा याहून मोठा अपमान होत नाही.

आणि मग ते दिसलं. एक बसकं, लालसर वारूळ, आणि त्याच्या अंगावर, पायथ्याला, आजूबाजूच्या गवतात छत्र्याच छत्र्या. काही उमललेल्या, काही अजून मुठी मिटून. मी चिपळूणच्या बाजारात अळंबी पाहिली होती, पण पानात गुंडाळलेली, वाट्यावर विकलेली. जमिनीतून अशी उठताना कधीच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी घाणेरीच्या काट्यांवर ढकललं.

"केवढ्या आहेत," असं म्हणून मी बोट दाखवलं, तशी कडूबाईंनी माझा हात मनगटात धरला.

"बोट मोड. बोट मोड आधी."

मला कळेना. त्यांनी माझी तर्जनी धरून दुमडली. बोट दाखवलं की छत्र्या जागच्या जागी सडतात आणि पुढच्या साली येत नाहीत, असं त्यांच्यात मानतात. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवू नये हे मीही लहानपणी ऐकलं होतं, पण आमच्या भोपळ्यांना कोणी इतकं जपत नाही.

"पेन्सिलीने दाखवलं तर चालेल का?" मी विचारलं.

"पेन्सल बोटातच हाय ना तुज्या."

निलोफर पोटावर झोपून शूटिंग करत होती, कॅमेरा भुईला टेकवून. उभी राहिली तेव्हा हळूच म्हणाली, "क्लोजअप भारी आले. पण वारूळ कुठं आहे ते कळायला पाहिजे. कॅमेरा वर करता येत नै. वाइड तू काढ." मी वही उघडली. कडूबाई बघत होत्या, म्हणून विचारून घेतलं, "मावशी, चित्र काढलं तर चालेल?"

त्यांनी विचार केला. "काढ की. चित्राला काय बोट असतंय व्हय."

मी काढलं. जे आहे ते. वारूळ, मागे टेकडीची तुटकी कड, तिच्यावर एकटं हिवराचं झाड, आणि झाडाच्या डाव्या हाताला दोन घुमट. हात असा सुटला होता की मीच स्वतःवर खूश झाले.

कडूबाईंनी छत्र्या हाताने उपटल्या, लोखंड लावलं नाही. एक मोठी छत्री तशीच ठेवली, वारुळाची म्हणून. घरी आलो तर रेखाचा येसर वाटून तयार, चूल पेटलेली, माती धुवायला पसरट भांड्यात पाणी काढून ठेवलेलं. मी म्हटलं, तुला कसं कळलं आज मिळणार? ती म्हणाली, "ढग बगून."

तो रस्सा कसा होता हे लिहिण्याची माझी लायकी नाही. बाजरीची भाकरी कुस्करून, वर रस्सा, बाजूला कांदा. चव थेट मटणाची. "श्रावणात आमचं असंच आसतंय," कडूबाई म्हणाल्या. "बोकड वाचतंय आन जिभंचंबी भागतंय." छावणीतले तीन नान मी त्यांना सांगितले नाहीत.

औरंगपुरा, गुरुवार

आता माझा पराक्रम. गुरुवारी दिवसभर बसून मी ते वहीतलं चित्र टॅब्लेटवर रंगवलं. ओल्या टेकडीचा हिरवा, वारुळाचा लाल, घुमटांचा पांढरा. आणि संध्याकाळी, स्वतःचं कौतुक ऐकायची घाई झाल्यामुळे, 'बुरशी फायनल'वर टाकून दिलं. खाली लिहिलं, "शेवटची फ्रेम. कशी वाटते?"

दोन मिनिटांत सरांचं उत्तर आलं. "अप्रतिम. वाळवीचे पाय दिसत नसल्याने आक्षेप नाही. ही घुमटांच्या मागची टेकडी ना? हिवर आणि कड अगदी जशीच्या तशी आहेत. एखादे दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन जाईन म्हणतो."

मी ते दोनदा वाचलं. सर त्या वस्तीवर कधी गेलेले नव्हते, आणि शहरात बसून, चष्मा लावून, त्यांनी जागा ओळखली होती. ही फिल्म पुढे शाळा-कॉलेजांत फिरणार होती.

मग मी बघितलं की रेखाने चित्र पाहिलंय. दोन निळ्या खुणा होत्या. उत्तर नव्हतं. मी घाईघाईने चित्र पुसलं, तर तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं ठसठशीत आलं, म्हणजे चोरी केली ती केली आणि दारात नावाची पाटीही ठोकली. कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही, हिलाही नाही. मी एका दिवसात सरांना सांगितलं होतं, हिलाही सांगितलं होतं, आणि निलोफरच्या नियोजनाप्रमाणे उरलेल्या महाराष्ट्रालाही सांगणार होते.

"मागचा डोंगर बदलते," मी निलोफरला म्हटलं.

"नक्को. लोकेशन खरंय, तर चित्रबी खरं पाहिजे. कडूबाईंना समजावू."

"काय समजावणार? त्यांच्या सासूने दोन लेकरं होईपर्यंत वाट बघायला लावली, आणि मी ते ग्रुपवर टाकलं. डोंगर बदलणार नसशील तर माझी चित्रं वापरू नकोस. एकही."

आम्ही अकरा वर्षांत पहिल्यांदा भांडलो. तेही नीट जमलं नाही, कारण मध्येच चहावाला आला आणि दोघींनाही पैसे द्यायची घाई झाली. शेवटी ठरलं, आधी वस्तीवर जायचं आणि तोंडावर सांगायचं. त्या रात्री मला शरमेने जेवण गेलं नाही. अम्मींना वाटलं, मीठ जास्त झालं.

पुन्हा वस्तीवर, शुक्रवार

कडूबाई ओट्यावर बसल्या होत्या. रेखा शेळ्यांना पाला टाकत होती. चहा आला नाही, त्यावरून मी ओळखलं की सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ग्रुप म्हणजे काय, सर कोण, त्यांनी काय लिहिलं.

"म्हायती हाय मला. कालच हिच्या मोबाईलात बगितलं मी. हिचा मोबाईल पलीकडच्या पोराकडं व्हता, त्यानं हाक मारून मला सांगितलं, तुमचा डोंगर मोबाईलात आलाय म्हनून." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी म्हनलं, चित्राला बोट नसतंय. तुज्या चित्राला हाय. चांगलं लांबडं हाय."

मी टॅब्लेटची पिशवी पाठीमागे सरकवली.

"सासूनं मरताना मला म्हनलं, कडू, ते तुज्या सुनंला दे. मी म्हनलं, देते." कडूबाई ओट्याकडे बघत बोलत होत्या. "आन आता काय देऊ? समद्यांनी बगितलेलं?"

तेव्हा रेखाने पाला खाली ठेवला आणि जवळ आली. मी आठवड्यात तिची पाच वाक्यं ऐकली असतील. त्या दिवशी ती सलग बोलली.

"आत्याबाई, मला म्हायती हाय."

"म्हायतीच हाय आता. चित्र बगितलंस ना."

"चित्राच्या आदीपस्नं. सात वर्सं झाली. लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात. तुमी छत्र्या घिऊन यायच्या त्या दिवशी लुगड्याला तांबडी माती आसायची. आपल्या रानाची माती काळी. मी एकदा शेळ्या घिऊन माती बगत बगत गेले. बगितलं आन माघारी आले."

कडूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आन खुडल्या का नाय?"

"तुमी कुठं दावलंत? दावल्याबिगर कसं खुडायचं."

मग माझ्या लक्षात आलं की बुधवारी येसर आमच्या आधी तयार कसा होता. सात पावसाळे ही बाई सासूच्या आधी मसाला वाटत होती, आणि कधी विचारलं नव्हतं. कडूबाईंनी पदर सारखा केला. मग उठल्या, काठी घेतली.

"चल," त्या रेखाला म्हणाल्या. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमीबी चला. तुमच्यापायी झालं हे, बगून घ्या."

आम्ही चौघी गेलो. छत्र्या सरल्या होत्या. वारुळासाठी ठेवलेली एक तेवढी काळी पडून वाकली होती. कडूबाई वारुळासमोर उभ्या राहिल्या, तर्जनी मुडपली आणि पेराने दाखवलं. "हे बग. हे तुजं." एवढंच. रेखाने आपलंही बोट मुडपून पुढे केलं आणि क्षणभर दोघींची पेरं शेजारी शेजारी राहिली.

मी निलोफरकडे बघितलं. दोन पावसाळे तिने ज्याची वाट बघितली, त्याहून चांगला शेवट तिच्यासमोर उभा होता आणि कॅमेरा तिच्या गळ्यात होता. तिचा हात त्याच्यावर गेला. मग तिने झाकण लावलं. मी तिला अकरा वर्षं ओळखते, आणि त्या झाकणासाठी मी तिला काहीही माफ करीन.

परतताना ती पुढे बघून म्हणाली, "डोंगर बदल."

"डॉक्युमेंट्रीत झूठ नै चलता ना?"

"मैं कहाँ झूठ बोल रही. तू बोल रही. तुझं नाव येईल चित्रांखाली."

चित्रातला डोंगर

डोंगर बदलायचा म्हणजे कुठला आणायचा, हा प्रश्न होता. मनाने काढलेला डोंगर खोटा दिसतो, हे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. डोळ्याने रोज पाहिलेला डोंगरच लागतो. मला तसा एकच येतो. चिपळूणला आमच्या मागच्या दारातून दिसणारा. लहानपणी मी तो शाळेच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर काढला आहे. त्याचे दोन उंचवटे, मधली खोबण, उजवीकडे घसरलेली दरड. मी घुमट पुसले, हिवर पुसला आणि त्या वारुळामागे आमचा डोंगर उभा केला. थोडी हिरवळ कमी केली, मराठवाड्याचा मान राखून. सरांना सांगितलं की आधीची फ्रेम चुकीची होती, ती टेकडी मी दुसऱ्याच कुठल्या फोटोवरून घेतली होती. त्यांनी उत्तर पाठवलं, "वाटलंच मला."

निघण्याआधी टॅब्लेट घेऊन वस्तीवर जाऊन आले. कडूबाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"ह्यो कुठला?"

"माझ्या माहेरचा, मावशी. आमच्या मागच्या दारातला."

त्यांनी मला आणि चित्राला आळीपाळीने बघितलं. मग चहा टाकायला सांगितला. मला एवढा गोड चहा पिऊन एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फिल्म दिवाळीनंतर पूर्ण झाली. पहिल्यांदा दाखवली ती वस्तीवरच, दुपारी, घराच्या पडवीत चादरी लावून अंधार केला होता. सगळी वस्ती जमली. काणी आली तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, भुरी आली तेव्हा आणखी. अम्मींनी फेकलेल्या पावाच्या जागी आलेला दुसरा पाव लोकांना फार आवडला. शेवटी वारूळ आलं, छत्र्या आल्या, मग माझं चित्र. पडवीत एकदम कुजबुज सुरू झाली.

"म्हैसमाळच्या अंगाला हाय हे," एक जण म्हणाला.

"कशाचं. फुलंब्रीकडचा डोंगर हाय. मी ट्रॅक्टर घिऊन जातो तिकडनं."

"अशी दरड न्हाई तिथं एकबी. ह्यो कन्नडकडला."

हे वाचून कोणी जायला निघणार असेल, तर सांगून ठेवते की वर मी लिहिलेला हिवरही हिवर नव्हता, आणि घुमटही दोन नव्हते. कडूबाईंना मी तसं वचन दिलंय.

पडवीत वाद पेटला. शेवटी कोणीतरी ओरडून विचारलं, "कडूबाई, तुमीच सांगा. कुठं हाय ह्ये?"

कडूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सरळ, ताठ बोट. माणसांना चालतं ते.

"हिच्या माहेरी," त्या म्हणाल्या.

सगळी पडवी खो खो हसली, म्हातारी पत्ता लागू देत नाही म्हणून. त्या दुपारी तिथे खरं बोलणारी ती एकटीच होती. तिच्या शेजारी रेखा बसली होती, मांडीवर हात ठेवून, तर्जनी मुडपून.